चिकाटी कामी कधी येते? गरिबी, क्षमता आणि सुखसमाधान यांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी असते. ठाण्याच्या लोकमान्यनगरातली किंवा नवी मुंबईच्या दिघ्यातली दहा बाय बाराची खोली, वडील रिक्षा चालवणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी आणि मुलाला ब्याण्णव टक्के. पेढा भरवतानाचे छायाचित्र आणि त्याखाली 'जिद्दीच्या जोरावर परिस्थितीवर मात' अशी ओळ. त्या मुलाचे कौतुक व्हायलाच हवे, कारण त्याने अभ्यास केला नसता तर ते टक्के त्याला कुणी आणून दिले नसते. परंतु त्याच गल्लीत तितकेच जागून अभ्यास केलेली आणि साठ टक्क्यांवर अडकलेली मुलेही असतात. त्यांची बातमी होत नाही, आणि मग वाचणाऱ्याच्या मनात एक समज नकळत पक्का होत जातो: चिकाटी असली की माणूस वर येतो, त्याअर्थी जो वर आला नाही त्याच्यात ती कमी असावी.

हा समज कितपत खरा आहे, याचा शोध मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ गेली काही दशके आपापल्या वाटेने घेत आहेत. त्यातून हाती आलेले चित्र गुंतागुंतीचे आहे. चिकाटीचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण ती किती उपयोगी पडेल हे माणसाच्या हाती असलेल्या इतर गोष्टींवर, म्हणजे त्याची तब्येत, कौशल्य, कागदपत्रे, गाठीचा पैसा आणि वेळ यांवर अवलंबून असते. या गोष्टी अजिबात नसतील, तर तीच चिकाटी माणसाला वर काढण्याऐवजी झिजवते, असेही दिसून आले आहे. हे कसे घडते ते पाहण्याआधी, अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या तीन संकल्पनांची ओळख करून घ्यावी लागेल.

पहिली संकल्पना चिकाटीची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'ग्रिट' या नावाने तिची मांडणी केली आणि ती मोजण्यासाठी बारा विधानांची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते चिकाटीचे दोन भाग असतात. अडचण आली तरी प्रयत्न न सोडणे हा एक, आणि वर्षानुवर्षे एकाच ध्येयात आवड टिकून राहणे हा दुसरा. ही प्रश्नावली प्रथम वापरली गेली ती वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे छात्र, शब्दलेखन स्पर्धेतील मुले आणि नामांकित विद्यापीठातील विद्यार्थी यांच्यावर. हे सगळे असे लोक, की ज्यांच्या समोरचे ध्येय स्पष्ट होते, तिथवर जाणारी वाट आखलेली होती आणि दोन वेळच्या जेवणाची चिंता सहसा दुसरे कुणीतरी वाहत होते. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी संकल्पना क्षमतेची, आणि हा शब्द संशोधनात दोन अर्थांनी येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला अर्थ मनाशी संबंधित आहे: 'हे काम मला जमेल' असा माणसाचा स्वतःबद्दलचा भरवसा. हा भरवसा सर्वांत जास्त कशाने वाढतो, तर पूर्वी एखादे काम खरोखर जमल्याच्या अनुभवाने. त्यानंतर आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते जमलेले पाहून. आणि 'तू करू शकतोस' असे कुणी सांगितल्याने त्या मानाने कमी, असे बंडुरांचे म्हणणे होते. प्रेरणादायी भाषणांचा परिणाम दोन दिवसांत का ओसरतो, हे यावरून समजते.

दुसरा अर्थ अमर्त्य सेन यांचा. १९७९ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानापासून त्यांनी हा विचार विकसित केला. माणसाजवळ काय आहे एवढेच न पाहता, त्याच्या जोरावर तो प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो ते पाहा, असे ते सांगतात. एकादशीचा उपास धरणारा आणि घरात दाणा नाही म्हणून उपाशी झोपणारा, दोघांच्याही पोटात त्या दिवशी अन्न नसते. फरक एवढाच की पहिल्यापुढे जेवण्याचा पर्याय होता. सेन यांच्या लेखी गरिबी म्हणजे या पर्यायांचे आकसणे. शिवाय, हाती आलेली वस्तू आपोआप उपयोगी पडत नाही. शिवणकामाचा वर्ग पूर्ण केलेल्या बाईला शिलाई मशीन मिळाले, पण खोलीत ते मांडायला जागा नाही, वीज शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतलेली आहे, पाणी दुपारी येत असल्याने ऐन कामाच्या वेळी हंडे भरावे लागतात आणि मोठ्या ऑर्डरसाठी लागणारे बँक खाते नवऱ्याच्या नावावर आहे, असे असेल तर ते मशीन महिन्याभरात कापडाखाली झाकून कपडे ठेवायची जागा बनते. वाटपाच्या कार्यक्रमातल्या यादीत मात्र ती 'स्वयंरोजगारित' म्हणून कायम राहते.

तिसरी संकल्पना सुखसमाधानाची, आणि ती मोजणे सर्वांत अवघड. एक प्रचलित पद्धत अशी की, समोरच्याला शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पायला सांगायची आणि आपण आज कोणत्या पायरीवर आहोत असे विचारायचे. तिने काम भागते, पण त्यात एक मेख आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलकात्यातील एका अभ्यासात झोपडवस्तीतील, पदपथावर राहणाऱ्या आणि देहविक्रय करणाऱ्या ८३ जणांना जीवनातील समाधानाबद्दल विचारले गेले. एकंदर आयुष्याबद्दल त्यांचे उत्तर किंचित नकारार्थी होते. परंतु कुटुंब, मैत्री, स्वतःचा स्वभाव यांबद्दल विचारले तेव्हा उत्तरे समाधानाकडे झुकली. यावरून गरीब माणूस सुखी असतो असे म्हणणाऱ्यांना हा अभ्यास फार आवडतो, पण त्याचा अर्थ एवढाच निघतो की पैसा नसताना माणसे एकमेकांच्या आधाराने तग धरतात. सेन यांनी दिलेला दाखला याहून बोचरा आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर येथे झालेल्या पाहणीत विधुर पुरुषांनी प्रकृतीच्या भरपूर तक्रारी सांगितल्या, आणि विधवांनी जवळजवळ काहीच सांगितले नाही. वास्तविक त्यांची अवस्था अधिक वाईट होती. मागण्याची सवयच सुटली की तक्रारही सुटते. त्यामुळे 'तुम्ही समाधानी आहात का?' या एका प्रश्नावर कोणताही निष्कर्ष उभा करणे धोक्याचे असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चिकाटीची ती बारा विधाने ठाण्यातल्या एखाद्या मजूर नाक्यावर नेऊन पाहावीत. सकाळी आठच्या सुमारास तिथे गवंडी, रंगारी, सुतार आणि बिगारी टोळक्याटोळक्याने उभे असतात. एखादा मुकादम येतो, चार जणांना घेऊन जातो, आणि दहा-साडेदहानंतर जे उरले त्यांचा त्या दिवसाचा खाडा पडतो. यातला एखादा बिगारी मे महिन्यात नालेसफाईवर असतो, गणपतीच्या आधी मंडपाच्या कामावर, दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्याच्या हाताखाली आणि लग्नसराईत केटररकडे. प्रश्नावलीत अशा आशयाचे विधान असते की, 'नव्या गोष्टी आल्या की माझे लक्ष जुन्या कामावरून उडते.' त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले तर त्याचे गुण कमी भरतील. वास्तविक एक काम मिळेनासे झाले की दुसरे शोधायचे, हीच त्याची चिकाटी आहे. वीस वर्षे त्याने घरची चूल आणि मुलांची शाळा याच मार्गाने चालू ठेवली. एकाच ध्येयाला वाहून घेणे ही ज्याला चैन परवडते त्याची गोष्ट आहे, आणि त्या चैनीवर बेतलेली मोजपट्टी गरिबाला लावली की तो चंचल ठरतो.

ही केवळ तर्काची बाब राहिलेली नाही. २०१७ मध्ये मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीवरील ८८ वेगवेगळ्या नमुन्यांची, म्हणजे सुमारे ६७,००० लोकांची आकडेवारी एकत्र करून तपासली. त्यात असे आढळले की चिकाटीचा यशाशी असलेला संबंध सांगितला जातो त्यापेक्षा बेताचा आहे, काटेकोरपणा या मानसशास्त्रात आधीपासून ठाऊक असलेल्या गुणाशी ती बरीचशी एकरूप आहे, आणि जो काही उपयोग आहे तो मुख्यतः प्रयत्न न सोडण्याच्या भागाचा आहे. आवड एकाच ठिकाणी टिकण्याचा भाग फारसा कामाला येत नाही. आपल्या नाक्यावरच्या बिगाऱ्याची बाजू या निष्कर्षाने बरीच सावरली जाते.

धीर धरण्याच्या बाबतीतही असेच झाले. लहान मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवून 'थांबलास तर दोन मिळतील' असे सांगण्याचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो. जी मुले थांबतात ती पुढे यशस्वी होतात, असा त्याचा लोकप्रिय अर्थ. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासले, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच हा संबंध बराच क्षीण झाला. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ मधील एक छोटा प्रयोग. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात २८ लहान मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला मोठ्या माणसाने आधी चांगले रंग आणून देतो असे सांगून खरोखर आणून दिले. दुसऱ्या गटाला तसेच सांगून रिकाम्या हाताने परत येऊन 'नाहीत' असे सांगितले. मग गोड पदार्थाची परीक्षा घेतली. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, शब्द मोडलेला पाहिलेली तीन मिनिटे.

ज्याला ठेकेदाराने 'शनिवारी एकदम देतो' असे सांगून दोनदा बुडवले आहे, तो बिगारी तिसऱ्या वेळी जादा दराचे आठवड्याचे काम सोडून कमी दराचे पण रोजच्या रोज पैसे देणारे काम का धरतो, हे समजायला या प्रयोगाइतकी मदत दुसरे काही करणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो अधीर वाटतो. त्याने मात्र अनुभवातून नीट हिशेब केलेला असतो, आणि तो हिशेब बरोबर असतो.

हिशेबाचाच मुद्दा निघाला आहे तर एका भाजीवालीचे उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, नेरूळला रस्त्याकडेला बसणारी एक बाई पहाटे चौघींत टेम्पो करून एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात जाते. माल घ्यायला ती ओळखीच्या सावकाराकडून सकाळी ९५० रुपये उचलते आणि संध्याकाळी १,००० परत करते. पन्नास रुपये ही रक्कम तिला मोठी वाटत नाही, कारण तेवढ्यावर दिवसाचा धंदा उभा राहतो. वर्षात तीनशे दिवस असे केले तर व्याजच १५,००० रुपये होते, आणि तेही कधीही ९५० च्या वर न गेलेल्या मुदलावर. आता हाच हिशेब उलटा करा. तिने रोज आणखी पन्नास रुपये बाजूला टाकले तर एकोणीस दिवसांत ९५० रुपयांची स्वतःची पुंजी होते आणि सावकार कायमचा सुटतो. एकोणीस दिवसांची चिकाटी, एवढाच तर प्रश्न आहे, असे कागदावर दिसते.

ते एकोणीस दिवस सलग मिळत नाहीत, ही अडचण आहे. सातव्या दिवशी मुलाला ताप येतो. अकराव्या दिवशी महापालिकेची अतिक्रमणाची गाडी येते आणि टोपल्या सोडवण्यासाठी दंड भरावा लागतो. पंधराव्या दिवशी पावसाने पालेभाजी सडते. जमलेले तीनशे-चारशे रुपये प्रत्येक वेळी याच खर्चात जातात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातील आणि फिलिपिन्समधील छोट्या विक्रेत्यांवर डीन कार्लन, सेंधिल मुलैनाथन आणि बेंजामिन रॉथ यांनी एक प्रयोग केला होता, ज्यात विक्रेत्यांचे सावकारी कर्ज सरळ फेडून टाकले. बहुतेक जण सहा आठवड्यांच्या आत पुन्हा कर्जात आले. यावरून कुणी 'यांना पैसा टिकवता येत नाही' असे म्हणेल. पण कर्ज फिटले तरी ताप, दंड आणि पाऊस यांना तोंड देण्यासाठी गाठीशी काही उरलेले नव्हते, हे कारण मला अधिक पटणारे वाटते. केंद्र सरकारची पथविक्रेत्यांसाठीची स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज १०,००० रुपयांपर्यंत होते आणि वेळेवर फेडणाऱ्याला सात टक्के व्याज-अनुदान होते. आपल्या भाजीवालीच्या दृष्टीने हे दहा दिवसांच्या मालाचे भांडवल आहे आणि त्याची किंमत तिला ठाऊक असते. तिची अडचण विक्रेता म्हणून नोंद, पालिकेचे शिफारसपत्र आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक या तीन कागदी पायऱ्यांवर होते.

चिकाटीची शरीराला मोजावी लागणारी किंमत हा या विषयाचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास केला. 'मनावर घेतले की मी कितीही कष्ट करून ते तडीस नेतो' अशा आशयाच्या विधानांना जे ठामपणे हो म्हणत होते, पण ज्यांच्याकडे शिक्षण आणि साधने कमी होती, त्यांच्यात रक्तदाब अधिक आढळला. तितकीच जिद्द असलेल्या शिकलेल्या लोकांत मात्र तसे दिसले नाही. जेम्स यांनी या वृत्तीला जॉन हेन्री या दंतकथेतील मजुराचे नाव दिले, जो यंत्राशी पैज लावून ती जिंकतो आणि हातात हातोडा असतानाच कोसळून मरतो. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध तितकाच स्पष्ट दिसला असे नाही, तरीही आपल्याकडे खस्ता खाल्लेल्या आईची थोरवी गाताना तिच्या गुडघ्यांचा आणि रक्तदाबाचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही, याची आठवण हे संशोधन करून देते.

मनाच्या बाबतीतही दोन्ही बाजूंनी ओढ असते. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, एखाद्या ठिकाणच्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य किंवा चिंताविकाराचे प्रमाण सर्वांत श्रीमंतांच्या तुलनेत साधारण दीड ते तीन पट असते. गरिबीमुळे नैराश्य येते, आणि नैराश्यामुळे सकाळी नाक्यावर जाण्याची उमेद संपून गरिबी वाढते. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा २०१३ मधील अभ्यासही याच संदर्भात सांगितला जातो: तेच शेतकरी तोडणीआधी, हातात पैसा नसताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर पुढे गेले. नंतर इतरत्र केलेल्या अशा पडताळण्यांत एकसारखे निकाल आलेले नाहीत, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पैशाच्या ओढाताणीत डोके चालेनासे होते हे सांगायला तशी प्रयोगाचीही गरज नाही, परंतु किती आणि किती काळ, हे प्रयोगच सांगू शकतात.

आतापर्यंतच्या विवेचनातून कष्टांना अर्थच नाही असे वाटू लागले असेल, तर त्यावर उतारा म्हणून नवी मुंबईतलेच एक उदाहरण पुरेसे आहे. डोक्यापाठीवर पोती वाहणारा हमाल हा कष्टाचा अगदी निखळ नमुना. मुंबईच्या जुन्या बाजारात सातारा, सांगली, पुणे, नगरकडून आलेले हे लोक पूर्वी व्यापाऱ्याच्या मर्जीवर काम करत; मजुरी ठरलेली नसे, आणि पाय घसरून कुणी पडला तर ते त्याचे त्याने निस्तरायचे. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. या कायद्यातली युक्ती साधी होती. माथाडी एका मालकाचा नोकर नसतो, टोळीने अनेक गाळ्यांवर काम करतो, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची जबाबदारी कुणावरच येत नव्हती. कायद्याने कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे मजुरीच्या प्रमाणातली जादा रक्कम, मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने कामगाराला पगार, निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), औषधपाणी द्यायचे.

पुढे घाऊक बाजार तुर्भ्याच्या एपीएमसीत हलले. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये आला आणि बाकीचे त्यामागून. माथाडी कुटुंबेही त्यांच्यामागे कोपरखैरणे, घणसोली भागात आली. कोपरखैरण्यात माथाडींचे रुग्णालय उभे राहिले. पोते तेवढेच जड राहिले आणि उचलणारी पाठही तीच. बदलले ते एवढेच की, त्या कष्टांचा थोडा थोडा भाग निधीच्या खात्यात, मुलाच्या कॉलेजात आणि घराच्या हप्त्यात जमा होऊ लागला. सेन ज्याला क्षमता म्हणतात ती अशी बाहेरून मिळू शकते, आणि ती मिळाली की बंडुरा म्हणतात तो आतला भरवसा तिच्या पाठोपाठ येतो. त्याच बाजारात आजही मंडळात नोंद नसलेला माणूस दिवसभर ओझी वाहतो आणि संध्याकाळी हातात पडेल तेवढ्यावर परततो. दोघांच्या चिकाटीत फरक शोधत बसण्यात काही हशील नाही. अर्थात माथाडी मंडळांच्या कारभाराबद्दल, बोगस टोळ्यांबद्दल तक्रारी आहेतच, आणि त्या दुर्लक्षण्यासारख्या नाहीत. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग माणसाच्या आतल्या गुणांवर काम करण्यात अर्थ आहे की नाही? आहे, आणि त्याचे पुरावेही चांगले आहेत. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात लोमे शहरातल्या १,५०० छोट्या व्यावसायिकांवरचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना हिशेब, विपणन अशा ठरावीक व्यवसाय प्रशिक्षणाचा लाभ दिला. काहींना पुढाकार घेणे, अडथळ्यांचा आधीच विचार करणे, अपयशानंतर दुसरा मार्ग काढणे याचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे तीस टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटातील वाढ बरीच कमी होती आणि ती खात्रीने सांगता येण्याजोगी नव्हती. म्हणजे चिकाटीसारखे गुण शिकवता येतात. मात्र या लोकांचे व्यवसाय आधीच चालू होते, हे विसरता कामा नये.

ज्यांच्याकडे काहीच नाही अशांसाठी बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये वेगळा मार्ग धरला: एक गाय किंवा काही शेळ्या, सुरुवातीचे काही महिने खाण्यापुरता भत्ता, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि नियमित घरी येऊन विचारपूस करणारा कार्यकर्ता, हे सगळे एकदम. भारतासह सहा देशांत दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर याची पडताळणी झाली आणि २०१५ मध्ये निकाल आले. खर्च, मिळकत, मालमत्ता यांबरोबर मनःस्वास्थ्यातही सुधारणा दिसली. घानामध्ये केवळ जनावरे देऊन पाहिले, तेव्हा तसा टिकाऊ परिणाम मिळाला नाही. बांगलादेशातील कुटुंबांचा अकरा वर्षे मागोवा घेणाऱ्या आणखी एका अभ्यासाने तर एक उंबरठाच दाखवून दिला. गाय साधारण सारख्याच किमतीची मिळाली होती, पण जी कुटुंबे आधीच्या किडुकमिडुकासह त्या उंबरठ्याच्या पलीकडे गेली ती चढत राहिली, आणि जी अलीकडे राहिली ती हळूहळू मूळपदावर आली. अलीकडे राहिलेल्यांनी गायीची निगा कमी राखली असे मानायला आधार नाही. गाडी, छोटे अवजार अशा जोडीच्या वस्तूंना लागणारे पैसे त्यांच्याकडे नव्हते.

मनाच्या आजाराबाबत आपल्या शेजारच्या गोव्यातला अनुभव उत्साहवर्धक आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य असलेल्या लोकांशी सहा ते आठ बैठका केल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ४९५ जणांच्या चाचणीत त्यांच्यातील सुधारणा नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. यात गुंतागुंतीचे काही नव्हते: रोज एखादे छोटे, जमण्यासारखे काम ठरवायचे आणि ते करायचे. 'जमले' हा अनुभव भरवशाचा पाया असतो, हेच इथे उपचाराच्या रूपात वापरले गेले.

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये याला आणखी एक बाजू जोडली. उद्याची स्वप्ने पाहणे ही सुद्धा एक क्षमता आहे आणि ती समाजात सारखी वाटलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. सुखवस्तू घरातल्या मुलाला 'इंजिनिअर व्हायचे' यापुढच्या साऱ्या पायऱ्या, प्रवेशपरीक्षेपासून ओळखीच्या काकांपर्यंत, घरातच दिसतात. वस्तीतल्या मुलीला तेच ध्येय असते, पण मधल्या पायऱ्या कुणी दाखवलेल्या नसतात. अप्पादुराई यांचे निरीक्षण मुंबईतील झोपडवासीयांच्या संघटनांवर, विशेषतः महिला मिलनच्या रोजच्या बचतीवर आधारलेले होते. बायका रोज एक-दोन रुपये गोळा करत, वस्तीची गणना स्वतः करत, घराचा नमुना कापडाचा उभारून दाखवत, आणि या सरावातून पालिकेच्या अधिकाऱ्यापुढे बसून बोलण्याचे बळ त्यांच्यात येई. ठाण्या-नवी मुंबईतल्या बचत गटांत आणि भिशींत हे आजही पाहायला मिळते. गटाचे कर्ज किती वाटले याचे आकडे अहवालात येतात. पहिल्यांदा बँकेत जाऊन स्वतः स्लिप भरलेल्या बाईच्या चालण्यातला फरक त्यात येत नाही.

असे अभ्यास वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. बऱ्याच पाहण्या एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावलीवर आधारित असतात: चिकाटी, क्षमता आणि समाधान तिन्ही त्याच दिवशी, त्याच माणसाकडून विचारलेली. त्यात चिकाटी आणि समाधान हातात हात घालून चालताना दिसले, तरी कुणामुळे कोण, हे त्यावरून ठरत नाही. ज्याला महिनाभर नियमित काम मिळाले तो साहजिकच 'मी प्रयत्न सोडत नाही' असेही म्हणतो आणि शिडीची वरची पायरीही दाखवतो.

दिघ्यात किंवा लोकमान्यनगरात अशी पाहणी कुणी हाती घेतली, तर चिकाटीच्या विधानांना जोडून काही साधे प्रश्न विचारणे उपयोगाचे ठरेल. गेल्या वर्षात सलग किती दिवस काम मिळाले? केलेल्या कामाचे पैसे कितीदा बुडाले किंवा उशिरा आले? दवाखान्याचा खर्च आला तेव्हा पैसे कुठून उभे केले आणि ते फिटायला किती दिवस लागले? नळाला पाणी किती वाजता येते, ते कोण भरते, आणि त्या वेळेमुळे कोणते काम सोडावे लागले? ही उत्तरे आणि चिकाटीचे गुण शेजारी शेजारी मांडले, आणि त्याच घरांत वर्षाने पुन्हा जाऊन विचारले, तर कुणाची चिकाटी कशात जमा झाली आणि कुणाची कुठे खर्ची पडली, हे बऱ्याच अंशी दिसू शकेल.